आमची वाटचाल: दुचाकीच्या पिना ते ८९ गिगाहर्ट्झचा हॉर्न

भोसरी एमआयडीसीत वडलांचं टर्निंगचं वर्कशॉप, दोन लेथ, दुचाकीच्या पिना आणि बुश. २०११ च्या ऑक्टोबरात मेघा-ट्रॉपिक्स हा उपग्रह वर गेला तेव्हाही आम्ही तेच करत होतो. त्यावर भारत आणि फ्रान्सने मिळून केलेलं मद्रास नावाचं मायक्रोवेव्ह यंत्र होतं, ते वाचलं आणि डोक्यात बसलं, कारण आषाढात पुण्यावर आठ-आठ दिवस आभाळ भरलेलं असतं तेव्हा इन्फ्रारेडला नुसता ढगाचा माथा दिसतो, मायक्रोवेव्ह मात्र ढगाच्या आत बघतं. समुद्रावर पावसाचे थेंब त्याला गरम दिसतात आणि वरचे बर्फाचे कण ८९ गिगाहर्ट्झच्या फ्रिक्वेन्सीला थंड.

काही वर्षांनी एका लॅबचे सर ड्रॉइंग घेऊन आले, कोरुगेटेड फीड हॉर्न, म्हणजे अशा यंत्रात मायक्रोवेव्ह आत घेणारा, आतून चऱ्या असलेला कर्णा. म्हणाले, "एक-दोन नगांसाठी कोणी मशीन अडकवत नाही, तुम्ही करता का?" मी हो म्हणून बसलो. आतून गोल चऱ्या, खोली वेव्हलेंग्थचा (लहरीच्या लांबीचा) चौथा हिस्सा, म्हणजे साधारण ०.८४ मिलिमीटर, आणि एवढ्याशा भोकात टूल नीट जात नाही. म्हणून उलटं काम करायचं, अ‍ॅल्युमिनियमचा मॅन्ड्रेल, म्हणजे आतला साचा, बाहेरून टर्न करायचा, टाकीत करंट सोडून त्यावर जाड तांबं चढवायचं आणि शेवटी कॉस्टिक सोड्यात अ‍ॅल्युमिनियम विरघळवायचं, तांबं उरतं.

पहिले तीन नग वाया गेले. कापून बघितलं तर पोकळी, करंट जास्त ठेवला होता ना, तांबं चरीच्या तोंडाशीच आधी जमलं आणि आतलं राहूनच गेलं. वडील म्हणाले करंट उतरव आणि टाकीपासून लांब राहा. दिवस दुपटीने लागले पण चौथा बसला. सरांचा फोन आला की पॅटर्न दोन्ही प्लेनला सारखा येतोय, म्हणजे हॉर्न आडवं-उभं सारखंच बघतो, त्या दिवशी पेढे वाटले.

आता गरम लोडचे, म्हणजे यंत्राला तुलनेसाठी दाखवायच्या, तापमान माहीत असलेल्या गरम वस्तूचे पार्टही करतो. यंत्र प्रत्येक फेरीला एकदा या लोडकडे आणि एकदा मोकळ्या अवकाशाकडे, २.७ केल्विनकडे बघतं, त्यावरून पुढचं सगळं मोजतं. लोक अँटेनाचंच बोलतात, मला मात्र लोड जास्त महत्त्वाचा वाटतो, त्याचं तापमान सगळीकडे सारखं नसेल तर पावसाचा आकडाच चुकणार.

सध्या टाकीत १८३ गिगाहर्ट्झचा हॉर्न आहे, त्याच्या चऱ्या ०.४१ मिलिमीटर खोल, टूल मायक्रोस्कोपखाली घासून घेतलं. आज अकरावा दिवस, करंट अजून वाढवलेला नाही.