दोरीच्या आतलं भात

कृषी सहायक म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच खरिपात माझ्या वाट्याला कुडाळ तालुक्यातले भाताचे पीक कापणी प्रयोग आले. प्रशिक्षणात सगळं सोपं वाटलं होतं. चिठ्ठी काढल्यासारखा गट नंबर येतो, त्या शेतात 10 मीटर बाय 5 मीटरचा तुकडा आखायचा, कापायचं, झोडायचं, वजन करायचं. पण ते फळ्यावरचं शेत चौकोनी होतं. आमच्याकडे कुणगे, म्हणजे बांध घातलेले भाताचे लहान, वेडेवाकडे तुकडे!

पहिला गट आला तिथे कुणग्याची रुंदी जेमतेम चार मीटर. पाच मीटरची दोरी पलीकडच्या बांधावर चढली. तसंच रेटून नेता आलं असतं, पण बांधावर भात नसतं. पंचांसमोर कारण लिहून काढलं आणि पुढचा गट घेतला. त्यात अर्धा दिवस गेला.

दुसरं शेत एका आजोबांचं. नैर्ऋत्य कोपऱ्यातून मी पावलं मोजत गेले, रँडम नंबर आला तिथे खुंटी ठोकली. ती जागा नेमकी शेतातली सगळ्यात दाट. आजोबा म्हणाले, "बाये, थंय नको, हंय घे. थंय भात बरां आसा." ते खरं सांगत होते. पण जागा मी निवडली किंवा त्यांनी निवडली, तर तो प्रयोग उरतच नाही, पाहणी होते.

दोरी ताणल्यावर खरी परीक्षा. काही चुडं, म्हणजे भाताच्या रोपांचे झुबके, अगदी दोरीखाली आली. बुंध्याचा अर्ध्याहून जास्त भाग आत असेल तरच ते धरायचं. मी वाकून एकेक बुंधा चाचपत होते, चिखलात गुडघे रुतलेले. सोबतचे म्हणाले, दोन-चार चुडांनी काय होतंय? होतं. 50 चौरस मीटरचा आकडा हेक्टरवर नेताना 200 ने गुणतात. इथे अर्धा किलो इकडेतिकडे झालं की हेक्टरी एक क्विंटल फरक पडतो. संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग सुखात्म्यांनी 1940 च्या दशकात हेच दाखवून दिलं होतं. तुकडा लहान घेतला की कडेचा वाटा वाढतो, कडेवरचं पीक आत ओढलं जातं आणि उत्पादन फुगतं. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा हा माणूस 1951 साली रोमला एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, सांख्यिकी विभागाचा संचालक झाला. शेतीची आकडेवारी नुकतीच उभी करू पाहणाऱ्या कितीतरी देशांना त्या विभागाने पद्धती शिकवल्या. तिथे बसलेल्यांना लागणारा आकडा शेवटी असाच कुणीतरी वाकून मोजलेला असतो, हे मला त्या चिखलात कळलं.

झोडणी झाली आणि काटा दगा देऊन गेला. दोनदा ठेवलं, दोन वजनं. ढग भरून आलेले. वाडीतल्या दुकानदाराचा काटा मागवला, आधी त्यावर पाच किलोचं माप ठेवून बघितलं, मग भात. 18.6 किलो. म्हणजे हेक्टरी 37 क्विंटल 20 किलो, ओलं.

आजोबांनी मला बाजूला घेतलं. "दोन किलो कमी लिवलंस तर आमकां विमो गावतलो."

विमा मिळेल, म्हणत होते. त्यांचा राग आला नाही. पीक विम्याची भरपाई या प्रयोगांच्या आकड्यांवरून ठरते, आणि खालच्या वाडीत भात आडवं झालेलं मी बघून आले होते. त्यांना सांगितलं की उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली पीक गेलं तरच भरपाई मिळते तो आकडा, मागच्या वर्षांच्या आकड्यांतूनच निघतं. दरवर्षी असं कमी लिहीत गेलो तर उंबरठाही खाली येणार, आणि खरंच पीक बुडेल त्या वर्षी हातात काही पडणार नाही. ते काही बोलले नाहीत. पंचनाम्यावर सही मात्र केली.

सुकल्यावर किती उरतं ते बघायला एक किलो भात कापडी पिशवीत भरून घरी आणलं. पावसामुळे ऊन मिळेना. आई रोज पडवीत पसरायची, कोंबड्या हाकायची, एक दाणा सांडू द्यायची नाही. वजन घटायचं थांबलं तेव्हा 890 ग्रॅम भरलं. ते ॲपमध्ये चढवलं आणि आजोबांना फोन केला, हेक्टरी 33 क्विंटल सुकं. त्यांनी मला थांबायला सांगितलं, सुनेला हाक मारली आणि तो आकडा कॅलेंडरवर लिहून घेतला.