सतार शिकण्याआधीचा स्कॅन आणि नंतरचा

मिरजेत सतारी बनतात, शिकवल्याही जातात, आणि एमआरआयची यंत्रं मिरज-सांगलीतच आहेत. मोठ्या वयात सतार शिकल्यावर मेंदूची रचना बदलते का, हे इथल्या इथे तपासता येईल. यंत्र हा त्यातला सोपा भाग. दोन स्कॅनमधली तुलना अवघड, आणि अभ्यास घसरतात ते तिथेच.

तयार वादक आणि न वाजवणारे यांचे मेंदू शेजारी ठेवले की फरक दिसतो, पण तो रियाजाने आला की मुळातच होता, हे कळत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांवरचा २००० सालचा गाजलेला अभ्यास असाच होता. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मृती आणि वाटा लक्षात ठेवण्याशी निगडित मेंदूच्या भागाचा, मागचा भाग मोठा आढळला. २०११ मध्ये टॅक्सीचालक होऊ पाहणाऱ्या ७९ उमेदवारांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, तेव्हा कुठे उत्तर मिळालं. प्रशिक्षणाच्या सुरुवातीला सगळे सारखेच होते. तीन-चार वर्षांनी पास झालेल्या ३९ जणांतच तो भाग वाढला होता, नापास झालेल्यांत नाही. वाईसारख्या ठिकाणी वेदपाठ करणाऱ्या मुलांवर असं काम करायचं, तर पहिला स्कॅन ती पाठ सुरू करण्याआधीच हवा. शिवाय त्याच वयाची, पाठ न करणारी मुलंही हवीत. कारण किशोरवयात मेंदूचा बाह्यस्तर तसाही पातळ होत जातो.

अपेक्षा किती ठेवायची? २००४ मध्ये १२ जणांना तीन महिने तीन चेंडू आलटून पालटून हवेत फेकत झेलायला (जगलिंग) शिकवलं, तेव्हा नजरेसमोरची हालचाल टिपणाऱ्या मेंदूच्या भागात करडा भाग (ग्रे मॅटर, जिथे पेशी दाट असतात) सुमारे ३ टक्के वाढला आणि सराव थांबल्यावर पुन्हा घटू लागला. एवढा फरक निष्काळजीपणातूनही तयार होतो.

सेंटरवर नेहमी होणारा मेंदूचा स्कॅन यासाठी कामाचा नाही. त्यात काप साधारण ५ मिलिमीटर जाड असतात. १ मिलिमीटर घनाचा त्रिमितीय टी-वन मागा, म्हणजे करडा आणि पांढरा भाग स्पष्ट वेगळे दाखवणारा स्कॅन. त्याला पाच-सहा मिनिटं लागतात. पांढऱ्या भागासाठी (पेशींना जोडणारे तंतू) २ मिलिमीटरचा डिफ्युजन स्कॅन, म्हणजे पाण्याच्या हालचालीवरून तंतूंची दिशा टिपणारा, किमान ३० दिशांचा, बी-मूल्य (या मोजणीची तीव्रता) १०००. सोबत बी-शून्य प्रतिमा (हे मूल्य शून्य ठेवून घेतलेल्या), त्यातली एक उलट्या फेज दिशेने, म्हणजे प्रतिमा ज्या दिशेने ताणली जाते त्याच्या उलट, म्हणजे कपाळामागची आणि कानाजवळची प्रतिमेतली ओढाताण नंतर दुरुस्त करता येते. फिल्म घेऊन उपयोग नाही, यंत्रातल्या मूळ डिजिटल (डायकॉम) फाइल्स घ्या. किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याच्या गावातला लेथ किंवा ग्राइंडरवर काम केलेला माणूस असेल आणि डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे, मगच आत; यंत्राचं चुंबक तो कण हलवू शकतं.

दोन्ही वेळा यंत्र तेच, कॉइल (डोक्याभोवतीचा संदेश टिपणारा पिंजरा) तीच, सॉफ्टवेअरची आवृत्तीही तीच. मधेच कंपनीने अपग्रेड केलं तर सगळ्यांचेच आकडे सरकतात, म्हणून शिकणारे आणि न शिकणारे यांचे स्कॅन आलटून पालटून घ्यावेत. एक गट संपवून दुसरा घेऊ नये. सर्वांत फसवी असते डोक्याची हालचाल. हलणाऱ्या माणसाचा करडा भाग प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो. पहिल्या वेळी घाबरून हललेला माणूस दुसऱ्या वेळी निवांत पडला की मेंदू ‘वाढलेला’ दिसतो, सतारीला हातही न लावता! आधी एकदा नुसतं आत झोपवून सवय करून द्यावी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम घट्ट बसवावा.

वेळही तीच ठेवा, कारण सकाळी आणि संध्याकाळी मोजलेल्या आकारमानात थोडा फरक पडतो. निर्जळी उपवासाच्या दिवशी स्कॅन नको; पाणी कमी पडलं की मेंदूचं आकारमान घटतं. सातारा जिल्ह्यातल्या लोणंद-फलटणवरून जाणाऱ्या पालखीसोबत कोणी दोन स्कॅनच्या मधे पंढरपूरला चालत गेलं, तर त्याचीही नोंद हवी. वयस्क लोकांनी वर्षभर नियमित चालण्याचा व्यायाम केल्यावर हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढल्याचं २०११ मध्येच दिसलं आहे.

विश्लेषणात दुसरा स्कॅन पहिल्यावर बसवू नका. तसं केलं की फक्त दुसराच धूसर होतो. दोन्हींच्या मधला साचा बनवून दोन्ही त्यावर आणा. कुठे पाहायचं तेही आधी लिहून ठेवा: मींड (तार ओढून सूर सरकवणं) ओढतो डावा हात, आणि त्याची सूत्रं मेंदूच्या उजव्या बाजूकडे असतात, म्हणून उजव्या गोलार्धातल्या मोटर कॉर्टेक्सचा (हालचाल घडवणाऱ्या पट्ट्याचा) हाताचा भाग. मग दोन गटांमधला बदलातला फरक तपासा. शिकणाऱ्यांत फरक दिसला, इतरांत दिसला नाही, एवढ्यावर निष्कर्ष काढणं ही छापील लेखांतही सापडणारी चूक आहे.

आणि निष्कर्षात ‘नव्या पेशी’ लिहू नका. एका घन मिलिमीटरमध्ये हजारो पेशी असतात. बदल त्यांच्या शाखांचा, ग्लिया (आधार देणाऱ्या) पेशींचा, रक्तवाहिन्यांचा किंवा नुसत्या पाण्याचाही असू शकतो. एमआरआय हे वेगळं करून दाखवत नाही.

पैसे असतील तर तिसरा स्कॅन घ्या, शिकणं संपल्यावर तीन महिन्यांनी. रियाज चालू ठेवलेले आणि सोडलेले वेगळे मोजा. त्यासाठी रोजच्या रियाजाची मिनिटं पहिल्या दिवसापासून वहीत लिहून घ्यावी लागतात.