जन्माचा दाखला : एका ‘ज्ञ’साठी सात खेपा

माझं नाव प्रज्ञा. बारशाला ठेवलं तेव्हापासून हेच आहे. पण मागच्या मे महिन्यात बडोद्यात एका खिडकीसमोर उभं राहून मला ते सिद्ध करावं लागलं. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. बडोद्यात जन्मलेल्या ज्ञानेश्वरांना, यज्ञेशांना, प्राज्ञांना तरी उपयोग होईल.

ह्यांच्या नोकरीमुळे आमचं अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचं काम चालू आहे. वकिलांच्या यादीत पहिला कागद जन्माचा दाखला. स्वतःचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावं, सगळं एकाच कागदावर हवं, आणि वर नोंदणी कार्यालयाची सही-शिक्का. माझ्याकडे असा दाखला कधी नव्हताच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कॉलेज झालं, पासपोर्ट झाला, लग्नाची नोंद झाली. तो यावेळी पुरणार नव्हता. सहा आठवड्यांची रजा काढून बडोद्याच्या दांडिया बजारात, मराठी वस्तीत, माहेरी आले, परतीचं तिकीट आधीच काढलेलं.

पहिल्या खेपेला नोंदच मिळाली नाही. माझा जन्म 28 डिसेंबर 1978 चा. ते रजिस्टर पाहून खिडकीतले भाई म्हणाले, “बेन, नोंध नथी मळती.” नोंद नसल्याचा दाखला घ्या आणि पुढचं सोगंदनाम्यावर (म्हणजे प्रतिज्ञापत्रावर) करा, असा सल्लाही मिळाला. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, तू घरीच झालीस ना, सुईणीच्या हातून. तुझे बाबा संक्रांतीच्या सुमारास गेले होते नोंदवायला.” रजिस्टर वर्षावार असतं, पण ते वर्ष नोंदणीचं, जन्माचं नव्हे. दुसऱ्या दिवशी 1979 चं रजिस्टर काढायला लावलं आणि दहा मिनिटांत मी सापडले. डिसेंबरात जन्मलेल्यांनी नोंद नसल्याचा कागद घेऊन परतण्याआधी पुढच्या वर्षाचं रजिस्टर पाहायला लावावं.

अर्ज दिला, फी भरली, आईचं आधार कार्ड जोडलं. यात काही अडलं नाही.

चार दिवसांनी दाखला हातात आला. क्यूआर कोडचा, एका ओळीत गुजराती, दुसऱ्या ओळीत इंग्रजी. गुजराती ओळीत माझं नाव बरोबर होतं. इंग्रजीत मात्र पी-आर-ए-जी-एन-ए. माझ्या पासपोर्टावर, दहावीच्या गुणपत्रिकेवर, डिग्रीवर, बँकेत, सगळीकडे पी-आर-ए-डी-एन-वाय-ए आहे.

मराठी माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही. आपण ज्ञ हा ‘द्न्य’ म्हणतो, गुजरातीत तोच ‘ग्न’ होतो. अक्षर एक, उच्चार दोन, म्हणून इंग्रजी स्पेलिंगही दोन. गुजरातीत हे नाव जी-एन नेच लिहितात आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. माझं काही म्हणणं नाही. पण अमेरिकेत बसून फाइल तपासणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं दिसतात.

मी खिडकीवर दाखला परत सरकवला. भाईंनी तो वाचला आणि म्हणाले, “आमां तो प्रज्ञा ज लख्युं छे ने!” मी इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. ते म्हणाले, स्पेलिंग बदलायचं म्हणजे सुधारो करावा लागेल, सोगंदनामुं घेऊन या. ही तिसरी खेप.

चौथ्या खेपेला सोगंदनामं घेऊन गेले. नोटरीकडे अर्धा दिवस गेला होता. या दिवशी खिडकीत दुसरे भाई. त्यांनी सोगंदनाम्याकडे पाहिलं, पासपोर्टाकडे पाहिलं आणि सांगितलं की हे नाव बदलणं झालं, यासाठी राजपत्रात जाहिरात द्या, गॅझेटची प्रत आणा, मग बघू. त्यासाठी किती दिवस लागतील? ते त्यांना सांगता येईना. माझ्या परतीला सतरा दिवस उरले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. गॅझेट करून टाक, एवढं काय त्यात, असं भाऊ फोनवर म्हणाला. (त्याचा दाखला त्याला पुण्यात मिळाला, कारण पहिलं बाळंतपण आईच्या माहेरी झालं. नोंद जिथे जन्म झाला तिथेच असते, आपण वाढलो कुठे याला अर्थ नाही. अनेकजण इथेच चुकीच्या गावी खेटे घालतात.) मला ते पटेना. गॅझेटमध्ये काय छापून येणार? की मी आधी जी-एनवाली होते आणि आता नाव बदलून डी-एनवाली झाले. मी नाव बदललेलं नाही. बाबांनी शाळेच्या फॉर्मवर पहिल्यांदा माझं नाव इंग्रजीत लिहिलं ते डी-एन-वायनेच. जे घडलंच नाही ते सरकारी राजपत्रात स्वतःच्या सहीने का छापून आणायचं? आणि मग जन्मभर प्रत्येक फाइलला तो कागद जोडत बसायचं? वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, उलट त्याने प्रश्न वाढतील.

पाचव्या खेपेला मी गॅझेटला नाही म्हणून सांगितलं आणि नोंदणी अधिकाऱ्यांना भेटायचं आहे असा लेखी अर्ज दिला. साहेब मीटिंगला होते. चार वाजेपर्यंत बाकावर बसले, भेट झाली नाही. आई सोबत होती, पंचाहत्तरीची, गुडघ्याला पट्टा बांधून. शेवटी सूरसागर तलावाच्या कडेने रिक्षा शोधत घरी आलो, दोघी एक शब्द न बोलता.

सहाव्या खेपेला सकाळी कार्यालय उघडायच्या आधी जाऊन बसले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. रजिस्टर मागवलं.

ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. कापडी पुठ्ठ्याचं, कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या, आतली ओळ काळ्या शाईत. वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता, सुईणीचा उल्लेख. आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, गुजरातीत ‘પ્રજ્ઞા’. नोंदवताना बारसं झालेलं नव्हतं. ते नाव बाबांनी मला शाळेत घालताना जाऊन भरून घेतलं होतं. बाबांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्या निळ्या शाईकडे पाहून मला क्षणभर बोलता येईना.

साहेबांनी ओळीवरून बोट फिरवलं आणि भाईंना विचारलं, “आमां इंग्लिश क्यां छे?” कुठेच नव्हतं. मूळ नोंद फक्त गुजरातीत. इंग्रजी ओळ दाखला काढताना ऑपरेटरने घातलेली. “तो सुधारो शेनो करवानो? नोंध तो साची छे.”

सगळी मेख इथेच होती. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात चुकीच्या नोंदीची दुरुस्ती आहे, पण ती मूळ ओळ तशीच ठेवून समासात केली जाते आणि ती नोंद चुकलेली असेल तर. इथे नोंद चुकलेलीच नव्हती. चुकलं होतं ते लिप्यंतर, आणि त्याला साहेबांनी मागितला एक साधा अर्ज, दहावीचं प्रमाणपत्र, शाळेचा दाखला आणि पासपोर्टची प्रत. माझं सोगंदनामं त्यांनी परत दिलं.

अर्जावर शेरा मारताना त्यांनी सहज विचारलं, “महाराष्ट्रमां आवुं लखाय?” मी म्हटलं, “साहेब, दांडिया बजारमां पण आवुं ज लखाय छे.” आमची इथली सातवी पिढी आहे. ते हसले आणि सही केली. ते वाक्य त्यांना सांगता आलं याचा मला दाखल्याइतकाच आनंद आहे.

तुमचं असं काम असेल तर अर्ज देतानाच इंग्रजी स्पेलिंग मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर लिहून जोडा, आईवडिलांच्या नावांचंही, आणि छापण्याआधी स्क्रीनवर दाखवायला सांगा. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर चार खेपा वाचल्या असत्या. अडलं तर ‘मूळ नोंद पाहायची आहे’ असं लेखी मागा. ज्यांच्या घरी आता बाळ येणार आहे त्यांनी दवाखान्यातला नोंदणीचा फॉर्म स्वतः वाचून मग सही करावी, नर्सवर सोडू नये. नाव ठरलं नसेल तर नंतर भरता येतं, बारा महिन्यांत फुकट आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, लायसन्स सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच एक कागद चालणार आहे. शाळेच्या दाखल्यावर माझी पंचेचाळीस वर्षं निघाली, त्यांची निघणार नाहीत.

प्रती मात्र एकदाच जास्त घ्या. मी पाच घेतल्या.

सातव्या खेपेला त्या घेताना खिडकीवरच एकेक अक्षर बोटाने तपासलं. माझं नाव बरोबर. आईच्या नावापुढे ‘बेन’ होतं, रजिस्टरातही तसंच होतं, आणि तिच्या आधार कार्डावर ते नाही. मी पुन्हा भाईंकडे वळले तशी आईने माझा दंड धरला. “राहू दे. लग्न होऊन आले तेव्हापासून मला इथे सगळे बेनच म्हणतात.” वकिलांनी आईचं चार ओळींचं प्रतिज्ञापत्र मागितलं, ते त्याच संध्याकाळी करून दिलं.