ड्रॅगनमध्ये कुठलं इंजिन टाकायचं?

मेकवॉरियर ऑनलाइन हा कॉम्प्युटर गेम, त्यात मेक म्हणजे आत बसून चालवायचे प्रचंड लढाऊ रोबो. त्यातला हेवी, म्हणजे जड, मेक घ्यायचा विषय निघाला की आमच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला, "तोफा किती बसतात त्यात?" इंजिनचं कोणी विचारतच नाही, ते जे येतं ते येतं. मला हे पटत नाही. हेवीमध्ये सगळा खेळ इंजिनचा आहे, आणि त्यात तुम्हाला पळणारा हेवी हवा असेल तर आधी इंजिन ठरवायचं, मग जेवढे टन हातात उरतील तेवढ्यात तोफा बसवायच्या. भाचा डोंबिवलीला असतो, तो पण खेळतो, गेले काही दिवस त्याचं चाललंय की मामा मला एक फास्ट हेवी सेट करून दे, तर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

ज्यांना गेम नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मेकचे चार वर्ग, लाइट २० ते ३५ टन, मीडियम ४० ते ५५, हेवी ६० ते ७५ आणि असॉल्ट ८० ते १००. बारा विरुद्ध बारा मॅच. गेम पिरान्हा गेम्सचा, २०१३ मध्ये लाँच झाला, म्हणजे बराच जुना आहे पण अजून मॅच मिळतात आणि खेळणारे लोक जीव लावून खेळतात.

स्पीडचा हिशोब सोप्पा आहे. इंजिनचं रेटिंग भागिले मेकचं वजन, गुणिले १६.२, झाली तुमची ताशी किलोमीटर. ड्रॅगन हा साठ टनाचा हेवी, त्यात ३०० चं इंजिन टाकलं तर ८१, ३२५ टाकलं तर ८७.७५ आणि ड्रॅगनला जास्तीत जास्त जे बसतं ते ३६० टाकलं तर ९७.२. स्किल ट्रीमधला, म्हणजे पॉइंट खर्चून मेक सुधारायच्या यादीतला, स्पीड ट्वीक यात धरलेला नाही, तो घेतला की अजून थोडं वाढतं.

आता नवीन माणूस काय करतो, ९७ बघितले की डोळे चमकतात आणि सरळ ३६० टाकतो. पण वजन बघा ना. गेममध्ये एक्सएल (हलक्या प्रकारचं इंजिन) ३०० चं वजन साडेपंधरा टन, एक्सएल ३२५ चं १९ आणि एक्सएल ३६० चं साडेतेवीस. म्हणजे ३०० वरून ३६० वर जायला तुम्ही आठ टन मोजले, आणि हातात आले ताशी सोळा किलोमीटर. तीनशे मीटर पळायला ८१ च्या स्पीडने तेरा सेकंद लागतात आणि ९७ ने अकरा. दोन सेकंदांसाठी आठ टन! आठ टनात एक अख्खा एसी/५ (ऑटोकॅनन तोफ) येतो. दोन सेकंद कधीकधी जीव वाचवतात हे मान्य, पण तिथे पोचल्यावर मारायला हातात काहीतरी पाहिजे की नको.

हे गणित मी ठाणे ते सीएसएमटी फास्टमध्ये फोनच्या नोट्समध्ये करत बसतो, बाजूचा माणूस वाकून बघतो, त्याला वाटतं मी कसली तरी बिलं जुळवतोय. तर ड्रॅगनचा पूर्ण ताळेबंद असा. साठ टन. एंडो स्टील घेतलं (हलका सांगाडा, घ्यायचंच, ते १४ स्लॉट म्हणजे सामान बसवायच्या जागा खातं पण तीन टन वाचवतं) की सांगाड्याला तीन टन. चिलखत पूर्ण भरलं तर साडेबारा टनांच्या आसपास. उरले साडेचव्वेचाळीस. त्यातून एक्सएल ३०० वजा केलं की २९ टन तोफांना, एक्सएल ३२५ केलं की साडेपंचवीस, एक्सएल ३६० केलं की फक्त २१. मी ३२५ वर थांबतो.

मग ३०० का नाही, तिथे तर अजून साडेतीन टन मिळतात? बरोबर आहे, आणि लांबून एसी/५ वगैरे मारत खेळणार असाल तर ३०० च घ्या, त्यात काही चूक नाही. ३०० च्या वर गेलं की जायरो (मेकचा तोल सांभाळणारा भाग) एक टनाने जड होतो, त्यामुळे ३०५ किंवा ३१० टाकण्यात काहीच अर्थ नाही, टन जातो आणि स्पीड दिसत पण नाही. ३२५ ला मात्र इंजिनच्या पोटात हीट सिंकची (मेकची उष्णता काढणाऱ्या भागाची) एक जागा जास्त मिळते, एकूण तेरा बसतात, आणि डबल हीट सिंक बाहेर ठेवला की तीन स्लॉट खातो, आत ठेवला की एकही नाही. एंडोने आधीच १४ स्लॉट खाल्लेले असताना हा फरक मेकलॅबमध्ये (मेक जुळवायच्या स्क्रीनवर) हाताला लागतो. जवळ जाऊन मारायचं असेल तर ३२५.

अजून एक. जुन्या पोस्टमध्ये वाचाल की मोठं इंजिन टाका, मेक चटकन वळतो. ते २०१७ च्या आधीचं आहे. त्या वर्षी मे महिन्यात नवीन स्किल ट्री आला तेव्हाच वळण्याचा वेग इंजिनपासून वेगळा केला, आता प्रत्येक मेकचा आपापला ठरलेला असतो. तर वळण्यासाठी टन खर्च करू नका.

पण स्पीड हवा कशाला, हा खरा प्रश्न. बरेच जण म्हणतील आत घुसायला. माझ्या मते परत यायला. लालबाग-परळच्या मैदानावर ज्यांनी कबड्डी बघितलीये त्यांना वेगळं सांगायला नको, चढाई करणारा आत जाऊन कितीही जणांना हात लावू दे, मधल्या रेषेला परत टेकला तरच गुण, नाहीतर बाद. फास्ट हेवीचं अगदी तेच. हीट भरली की तुमचा दम संपला, त्याच्या आत कोपऱ्याआड परत यायला हवं.

आणि परत यायचं म्हणजे फक्त स्वतःसाठी नाही. एचपीजी मॅनिफोल्ड मॅप ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये, मधल्या बांधकामाभोवती दोन्ही टीम गोल गोल फिरत राहतात, लोक त्याला नॅसकार म्हणतात, आणि त्यात मरतो कोण तर मागे राहिलेला असॉल्ट. परवाच्या शनिवारी भाचा त्याचा अ‍ॅटलस घेऊन होता, शंभर टन, ३०० चं इंजिन, ताशी ४८ च्या वर हलत नाही. सगळे पुढे पळाले आणि डिस्कॉर्डवर ह्याचा आवाज, "मामा, मागे दोन लाइट लागलेत, पाठ उघडी पडलीये, ये ना लवकर." मी तीनेकशे मीटरवर होतो. ३२५ वाल्या ड्रॅगनला ते अंतर बारा सेकंद. दुसरा अ‍ॅटलस असता तर बावीस, तोपर्यंत काय उरलं असतं! रॅम्पवरून खाली उतरलो तर एक लाइट त्याच्या पाठीला चिकटून उभाच होता, मारण्याच्या नादात पाय थांबवलेले, त्याला एलबी-१०एक्सचा (छर्रे मारणाऱ्या तोफेचा) एक बार पायाला, लगेच एसआरएम (जवळून मारायची क्षेपणास्त्रं) त्याच पायाला, दुसरा आवाज ऐकून पळाला. मी त्याच्या मागे गेलो नाही. लाइट १३० च्या वर पळतात, त्यांच्या मागे हेवीने जायचं नसतं, फक्त वेळेवर पोचायचं असतं. भाच्याने तोवर अ‍ॅटलस वळवला आणि मग लंगड्याला त्याने स्वतःच उडवला, डिस्कॉर्डवर असा ओरडला की ताईने पलीकडच्या खोलीतून विचारलं काय झालं.

तेव्हापासून त्याला फास्ट हेवी हवाय.

तर सेटिंग. उजव्या हातात एलबी-१०एक्स, ११ टन. त्याचे छर्रे लांबून विखुरतात, पण दीडशे-दोनशे मीटरवरून चिलखत उडालेल्या जागेवर मारलं की आतलं सामान फोडतो. गोळ्या चार टन, तीनवर नाही भागत, शेवटच्या दोन मिनिटांत रिकाम्या तोफेने उभं राहणं मला सहन होत नाही. छातीत एसआरएम ४, दोन टन अधिक एक टन गोळ्या. डाव्या बाजूला दोन मीडियम लेझर, एकेक टन. झाले २०. तीन डबल हीट सिंक इंजिनात, २३. उरलेल्या अडीच टनांत अजून दोन हीट सिंक आणि अर्धा टन एसआरएमच्या गोळ्या. स्लॉट शेवटी शेवटी घट्ट होतात, गोळ्या पायांत आणि डोक्यात सरकवा.

मुंबईतून खेळणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जायला-यायला लागणारा वेळ. सर्व्हर परदेशातले, आणि आपल्याकडून पिंग जास्तच राहतो. लांब पल्ल्याच्या तोफेने पळत्या टार्गेटच्या पुढे नेम धरायचा म्हणजे अंदाजावर खेळणं. जवळ गेलात की तो प्रश्न बराच कमी होतो. पावसाळ्यात लाइन अडखळते तेव्हा तर मी जवळच्या लढाईशिवाय दुसरं काही खेळतच नाही. ज्यांना लांबूनच मारायचंय त्यांनी लेझर घ्यावेत, लेझरला पुढचा नेम धरावा लागत नाही.

चिलखत कंजूसपणे लावू नका. साठ टनाच्या मेकला छातीच्या मध्यभागी पुढचं-मागचं मिळून ८० पॉइंट मिळतात. ड्रॅगनचं नाक पुढे आलेलं, समोरचा नेहमी तिथेच मारतो, म्हणून मी मागे सहा-सात ठेवतो आणि बाकी सगळं पुढे. याच नाकामुळे ड्रॅगनमध्ये एक्सएल चालतं. एक्सएल इंजिन बाजूच्या धडांत पण पसरलेलं असतं, इनर स्फिअरच्या (गेममधला एक पक्ष, दुसरा क्लॅन; ड्रॅगन पहिल्यातला) मेकचं एक बाजूचं धड गेलं की मेक संपला, पण ड्रॅगनचं मधलंच आधी जातं. लाइट फ्यूजन इंजिन घेतलं तर एक बाजू गेल्यावरही जगता येतं, पण ३२५ ला त्याचे सहा टन जास्त, सहा टनात माझे लेझर, एसआरएम आणि त्याच्या गोळ्या सगळं जातं. नको. आणि पायांचं चिलखत काढून टन वाचवायची सवय असते लोकांना, पळणाऱ्या मेकला ते अजिबात करायचं नाही. पाय गेला की तुमच्याकडे उरला साठ टनाचा हळू मेक, तो कोणालाच नकोय.

दुसरे पर्याय? क्विकड्रॉ पण साठ टन, तेच ३६० पर्यंतचं इंजिन, वर जंप जेट, पण प्रत्येक जेट एक टनाचं आणि मेक उंच, लपवायला त्रास. ज्याला छतावरून उड्या मारत खेळायचंय त्याने तोच घ्यावा. क्लॅनवाल्यांकडे लाइनबॅकर, ६५ टन, ३९० चं एक्सएल आणि सरळ ९७.२, शिवाय क्लॅन एक्सएल एक बाजू गेली तरी चालू राहतं. मस्त मेक आहे. पण तो ऑम्निमेक, आणि ऑम्निमेकमध्ये इंजिन बदलता येत नाही, जे आहे ते आहे, आणि एवढ्या मोठ्या इंजिनपुढे तोफांना जागा कमी पडते. टिंबर वुल्फ ७५ टनांचा असून ८१ ने पळतो, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं, फक्त तो दिसला की अख्खी टीम त्याच्यावरच तुटून पडते.

भाच्यासाठी पैशांचं. एक्सएल इंजिन महाग, काही मिलियन सी-बिल्स (गेममधले पैसे) जातात, पण इंजिन एका मेकमधून काढून दुसऱ्यात टाकता येतं. तर आत्ता एकच एक्सएल ३२५ घे, ड्रॅगनमध्ये टाक, पुढे क्विकड्रॉ घेतलास तर तेच त्यात जाईल. स्किल पॉइंट ९१ मिळतात, त्यातले आधी स्पीड ट्वीक आणि रडार डेप्रिव्हेशनकडे (शत्रूच्या रडारवरून लवकर नाहीसं व्हायला), मग हीटकडे, मग चिलखताकडे. कॉन्क्वेस्ट हा मॅचचा प्रकार मिळाला तर वोट त्यालाच दे, मॅपवरची पाच ठिकाणं धरायची असतात आणि ७५० गुणांना जो आधी पोचेल तो जिंकतो, तिथे ८७ च्या स्पीडचा हेवी सोन्यासारखा वागतो. शनिवारी ताईने जेवायला बोलावलंय, पीसी चालू ठेव, बसून मेकलॅबमध्ये सोबतच लावू.