बारा महिन्यांचं घर मिळेपर्यंत

सर्फिंगच्या गावात कायमचं राहायला जावं का, असं कुणी विचारलं की मी लाटांबद्दल बोलतच नाही. माझा पहिला प्रश्न असतो, बारा महिन्यांचा भाडेकरार मिळतोय का? या एका गोष्टीपायी माझे सहा महिने गेले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

घरून काम करायची परवानगी, सामान हलवणं, बँकेचे सोपस्कार हे सगळं पटापट उरकलं. गावात पोचले तेव्हा हंगाम नुकताच संपला होता. किनाऱ्यापासून चार मिनिटांवर घर मिळालं आणि मालकाने फार घासाघीसही केली नाही. करार पाच पानांचा होता. भाडं, अनामत, वीजबिल एवढं वाचून मी सही केली. चौथ्या पानावर एक ओळ होती: मुदत नऊ महिने, त्यानंतर जागा रिकामी करून द्यावी. मला वाटलं, लिहायची पद्धत असेल, मुदत पुढे वाढेल.

ती वाढत नाही. हंगामाच्या तीन महिन्यांत तेच घर आठवड्याच्या हिशेबाने पर्यटकांना देता येतं आणि मालकाची खरी कमाई तेव्हाच होते. उरलेले नऊ महिने घर ओस पडू नये म्हणून आपल्यासारखे भाडेकरू लागतात. लाटांसाठी नाव झालेल्या बहुतेक गावांचं हेच दुखणं आहे. ऑस्ट्रेलियातल्या बायरन परिसरात बहुतेक ठिकाणी २३ सप्टेंबर २०२४ पासून, मालक स्वतः राहत नसलेलं घर पर्यटकांना वर्षाला फक्त ६० दिवस देता येतं. आधी ही मर्यादा १८० दिवसांची होती. फ्रान्समध्ये बिआरित्झ आणि आजूबाजूच्या गावांत २०२३ पासून घर पर्यटकांसाठी काढायचं असेल, तर तेवढीच जागा कायम राहणाऱ्यांसाठी उपलब्ध करून द्यावी लागते. सरकारांना नियम करावे लागले, म्हणजे अडचण किती खोल आहे ते बघा. तुम्ही जाणार असाल त्या गावात असा काही नियम आहे का, हे आधी शोधा.

माझं घोडं अडलं रहिवासी दाखल्यापाशी. खिडकीतल्या बाईंनी करार स्वतःकडे फिरवून घेतला, तारखांवर पेनचं टोक ठेवलं आणि म्हणाल्या, "नऊ महिन्यांचा आहे. बारा महिन्यांखाली आम्ही कायमचा पत्ता धरत नाही." दाखला नाही म्हणून स्थानिकांचा पार्किंग पास नाही. दवाखान्यात नाव नोंदवायला गेले तर तिथेही तोच कागद मागितला. घरात इंटरनेटची लाइन घ्यायची तर कंपनीला वर्षभराचा पत्ता हवा होता. माझं काम सगळं इंटरनेटवर, आणि मी मोबाईल खिडकीच्या एका विशिष्ट कोपऱ्यात टेकवून मीटिंगा करत होते.

मग बारा महिन्यांचं घर शोधायला निघाले. अशी घरं देणारे मोजके मालक आधी विचारायचे, "तुम्ही इथल्या रहिवासी का? दाखला दाखवा." दाखल्यासाठी घर हवं आणि घरासाठी दाखला. तिसऱ्या खेपेला खिडकीत दुसरे गृहस्थ होते. ते म्हणाले, मालकाचं संमतिपत्र आणा, भागेल. एवढंच होतं तर पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही? मालकाकडे गेले तर ते सही करेनात. मी कायमची भाडेकरू ठरले तर हंगामात घर रिकामं करून मिळणार नाही, ही त्यांची भीती. त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. चौथ्या खेपेला पुन्हा त्याच बाई भेटल्या आणि म्हणाल्या, संमतिपत्र असं काही चालत नाही. त्या दिवशी मी बाहेरच्या पायरीवर बसून रडले.

तोवर सातवा महिना लागला होता. फुटलेले बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे मी माझा बोर्ड टाकला होता. त्याच्याशी बोलताना सगळं भडाभडा बाहेर आलं. तो म्हणाला, "जाहिराती बघत बसू नका. मालक स्वतः वर राहतो अशी घरं शोधा." त्यानेच पत्ता दिला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाईंना दर आठवड्याला नवी अनोळखी माणसं, रात्रीचा गोंगाट, दारातली वाळू नको होती. खालच्या दोन खोल्या त्यांनी बारा महिन्यांसाठी दिल्या, दाखल्याबद्दल एक शब्दही न विचारता. नवा करार घेऊन गेले, तर दाखला दहा मिनिटांत हातात. तो कागद घेऊन मी सरळ समुद्रावर गेले.

हे घर किनाऱ्यापासून दोन किलोमीटर आत, चढावर आहे. आधी वाईट वाटलं, आता मी सगळ्यांना असंच घर घ्या म्हणते. पहिल्या घरात तीन महिन्यांत सायकलची साखळी तांबडी पडली होती आणि बाल्कनीची कडी हातातच आली. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं, त्यामुळे खारी धूळ बसलेलं लोखंड कधी नीट सुकतच नाही. बिजागऱ्या, स्क्रू घेताना ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं.

समुद्राबद्दलही थोडं सांगते. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो तेव्हा लाटा उभ्या आणि स्वच्छ राहतात. दुपारी खारा वारा सुटला की सगळं विस्कटतं. अंदाज बघताना लाटेच्या उंचीइतकंच दोन लाटांमधल्या सेकंदांकडे लक्ष द्या. सहा-सात सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याची खळबळ, तेरा-चौदा सेकंद म्हणजे लांबून आलेली ताकदवान लाट. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ठरावीक वेळेची नोकरी असेल तर काही आठवडे चांगलं पाणी नेमकं कामाच्या तासांत येतं. कामाच्या वेळा मागेपुढे करायची मुभा मी लेखी घेतली, ते फार बरं झालं. आणि सलग दहा दिवस समुद्र सपाटही असतो. तेव्हा या गावात करायला दुसरं काय आहे, ते आधी बघून घ्या.

लाटा न फुटणारी, गडद आणि शांत दिसणारी पाण्याची पट्टी नवख्याला सुरक्षित वाटते. बहुतेक वेळा आत ओढणारा प्रवाह तोच असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. हा नियम मी पहिल्या आठवड्यापासून पाळला, म्हणून जुन्या लोकांनी मला लवकर आपलं मानलं. पाणी गार असेल तर कानात बोळे घाला. वर्षानुवर्षं गार पाणी आणि वारा लागून कानाच्या नळीत हाड वाढतं.

करारावर सही करण्याआधी हंगाम नसताना एक महिना राहून बघा, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायचं होतं. कोणती दुकानं बंद होतात, बस किती कमी होतात आणि भिंतींना किती ओल येते, ते तेव्हाच कळतं.

मालकीणबाईंनी मागच्या महिन्यात दुसऱ्या वर्षाचा करार केला. चौथं पान मी दोनदा वाचलं. मुदत बारा महिने.