आमची वाटचाल: एका लाकडी ट्रेची गोष्ट

वाचनाच्या पूर्वतयारीची साधने बनवण्याचा आमचा व्यवसाय एका लाकडी ट्रेवर उभा राहिला आणि त्याच ट्रेपायी एकदा बुडता बुडता वाचला. या ट्रेवर एल्कोनिन चौकटी असतात, म्हणजे शब्दात जितके ध्वनी तितक्या चौकटींची ओळ. शब्दातला एकेक ध्वनी उच्चारत मूल एकेका चौकटीत सोंगटी सरकवते. आमच्या ट्रेच्या तळाला फेल्ट, म्हणजे जाड मऊ कापड, असते, कारण सोंगटीच्या खडखडाटात शेवटचा ध्वनी मुलाच्या कानावर पडतच नाही, हे पहिली खेप विकून झाल्यावर आम्हाला कळले. ‘शिप’च्या स्पेलिंगमध्ये अक्षरे चार पण ध्वनी तीन, तर ‘बॉक्स’मध्ये अक्षरे तीन पण ध्वनी चार, प्रशिक्षणात शिक्षकही इथे हमखास अडखळतात. शिवाय मराठी जिभेला व्यंजनानंतर ‘अ’ जोडण्याची सवय असल्यामुळे ‘ब, ॲ, ट’ असे सुटे म्हटले की त्यातून ‘बॅट’ ऐकूच येत नाही. ‘ब्’ तोकडा म्हणायचा, इतके साधे आहे ते.

व्यवसाय स्थिरावत असतानाच एका मोठ्या कंपनीने तीस दिवसांत इंग्रजी वाचनाची हमी देणारा संच बाजारात आणला. ध्वनींवर वेळ घालवू नका, चित्र पाहून शब्द ओळखू द्या, असे त्यांचे प्रतिनिधी शाळांना सांगत असत. आमच्या मागण्या एकामागून एक रद्द झाल्या, सुताराचे देणे थकले आणि पहिल्या दिवसापासूनचा माझा भागीदार हिशेबाच्या वह्या टेबलावर ठेवून निघून गेला. त्याला मी दोष देत नाही. राग आहे तो पुढच्या वर्षीचा. त्या कंपनीने आमचाच ट्रे प्लास्टिकमध्ये काढला आणि त्यात ‘शिप’साठी चार चौकटी केल्या! नक्कल करतानाही त्यांना ध्वनी मोजावेसे वाटले नाहीत.

त्या दिवसांत एका बालवर्गाच्या बाईंनी मात्र आमची साथ सोडली नाही. तो नवा संच शिकलेल्या एका मुलाला त्यांनी माझ्यासमोर वाचायला बसवले. चित्रात घोडा होता आणि खाली ‘पोनी’ हा शब्द छापलेला होता. मुलाने ठणठणीत आवाजात ‘हॉर्स’ असे वाचले. बाईंनी चित्रावर तळवा ठेवला, तेव्हा तो गप्प झाला. त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या सर्व वर्गांसाठी ट्रे मागवले आणि पैसे आगाऊ दिले, त्यातून सुताराचे देणे फिटले. ध्वनिभान (शब्दातले सुटे ध्वनी ओळखता येणे) आणि अक्षर-ध्वनी संबंध यांच्या पद्धतशीर शिक्षणाचा वाचनाला फायदा होतो, हे अमेरिकेतील नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० सालीच नोंदवलेले होते; तो अहवाल मी कितीतरी मुख्याध्यापकांना दाखवला, पण पुष्कळांना पटला तो बाईंचा तळवा.

पुढची वर्षे बरी गेली. तरीही आमचा ट्रे घेणाऱ्यांना एक सांगितल्यावाचून राहवत नाही, कोणी विचारलेले नसले तरी. इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नाही, त्यांना निव्वळ ध्वनी जोडायला शिकवून भागत नाही. असे मूल ‘नेट’ हा शब्द बिनचूक वाचते, पण जाळे म्हणजे नेट हे त्याने कधी ऐकलेलेच नसते. अशा मुलांना ध्वनींच्या सरावाचा उपयोग होतो, मात्र बोली इंग्रजीची जोड नसेल तर आकलन मागे पडते, असा निष्कर्ष त्यांच्याविषयीच्या २००६ सालच्या अमेरिकी अहवालातही आहे. म्हणून गोष्ट आधी घरच्या भाषेत सांगावी, त्यावर मुलाला भरपूर बोलू द्यावे, इंग्रजी शब्द वस्तू हातात देऊन शिकवावेत आणि मगच ट्रे काढावा. घरी इंग्रजीतच बोला, असे पालकांना कृपा करून सांगू नये.

बाईंचे ट्रे अजून वापरात आहेत. लाकूड शाबूत आहे, फेल्ट मात्र झिजते. दरवर्षी सुट्टीत ते ट्रे आमच्याकडे येतात आणि नवे फेल्ट मी स्वतः चिकटवून देतो.