तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे मी का फेडतो

“पैसे तुम्ही घेतले नव्हते, मग तुम्ही का फेडता?” डोंगरीतल्या मशिदीच्या पायऱ्यांपासून मंगलदास मार्केटपर्यंत हे मला इतक्यांनी विचारले आहे की आता लिहूनच सांगतो.

हलाल गुंतवणूक म्हणवणारी ती योजना बुडाली तेव्हा तिच्यात आमच्या चाळीतल्या खालांचे, म्हणजे मावशींचे, २ लाख रुपये होते. त्यांचे यजमान कुवेतला ड्रायव्हर होते. ही त्यांनी मागे ठेवलेली पुंजी. नवरा वारल्यावर पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपल्यावर मीच सुचवले की बँकेच्या व्याजापेक्षा हे बरे, हा मुदारबा आहे, भांडवल आपले, मेहनत त्यांची आणि नफ्यात ठरलेला हिस्सा. दर लाखामागे महिन्याला ३,००० रुपये येत. रमजानातही तेवढेच, भर पावसातही तेवढेच. माझ्या कापडाच्या दुकानात ईदच्या आठवड्याचा आणि पाणी तुंबलेल्या आठवड्याचा गल्ला तीस वर्षांत कधी सारखा भरला नाही, तरी यांचा नफा हलत कसा नाही, हे मी विचारले नाही. आधीच बांधून दिलेली रक्कम म्हणजे नफ्याच्या नावाने दिलेले व्याजच, मुदारब्यात ती चालत नाही, हे मला ठाऊक होते.

बुडाल्यावर योजनावाले म्हणाले, मुदारब्यात तोटा भांडवल देणाऱ्याचा. नियम खरा आहे, पण धंदा चालवणाऱ्याने हलगर्जी केली नसेल आणि करार मोडला नसेल तरच. ही अट त्यांनी गाळली, आणि खालांना समजावताना मीही गाळली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “भाई, त्यांची चोपडी तुम्ही बघितली होती ना?”

पैसे देण्यापूर्वीही त्यांनी हेच विचारले होते, आणि मी हो म्हणालो होतो. मी चोपडी पाहिली नव्हती, त्यांच्या ऑफिसातल्या भिंतीवरची आयत, म्हणजे कुरआनातले वचन, पाहिली होती. देण्याघेण्याची नोंद साक्षीदारांसमोर लिहून ठेवा, असे सांगणारी सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब, मला तोंडपाठ आहे.

मी दलाली घेतली नाही. कायद्याने माझ्यावर काही लागत नाही, असे वकिलानेही सांगितले. तरी महिन्याला ४,००० रुपये देतो. मात्र आणखी तिघांना मीच तिथे नेले होते आणि त्यांना मी काही देत नाही, कारण त्यांनी चोपडीचे विचारले नव्हते. त्यांच्यापैकी एकाने परवा दुकानात येऊन याचे कारण विचारले. हेच सांगितले, पण सांगताना ते मलाच पटत नव्हते.